शांत रस्ते कुणी शांत केले?

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर, आलिकांते आणि व्हॅलेन्सिया या दोन शहरांच्या मध्ये, डोंगर थेट समुद्रापर्यंत उतरतात. पर्यटनाच्या भाषेत या किनाऱ्याचं नाव कोस्ता ब्लांका. त्याच्या उत्तरेकडच्या भागाला मारिना आल्ता म्हणतात. हिवाळ्यात युरोपभरचे सायकलस्वार इथे थव्यांनी येतात. बर्फात अडकलेले व्यावसायिक संघसुद्धा डिसेंबर-जानेवारीत इथल्याच घाटांवर सराव करतात. आणि आता आमच्या सायकल ग्रुपवरही या भागाचे नकाशे फिरायला लागले आहेत. कोल दे रातेसचा घाट किती टक्के चढतो, पेगोत खोली कुठे घ्यावी, भाड्याची सायकल बरी की आपली डब्यात घालून न्यावी, वगैरे.

या नकाशांसोबत जो मजकूर येतो, त्यातले शब्द ठरलेले आहेत. शांत. अस्पर्श. जिथे काळ थांबला आहे अशी गावं. तासभर चालवा, एक गाडी दिसणार नाही. एक माणूस दिसणार नाही.

माझं भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे. एक गाडी दिसत नाही ही चांगली गोष्ट आहे. एक माणूस दिसत नाही ही चांगली गोष्ट कशी काय झाली? या दोन शांतता वेगळ्या आहेत, त्या वेगवेगळ्या हातांनी घडवल्या आहेत, आणि सायकलवरचं जवळजवळ सगळं प्रवासलेखन त्या एकाच पिशवीत भरून विकतं.

आधी रस्ता सांगतो, कारण रस्ता खरोखर सुंदर आहे आणि ते नाकारण्यात काही अर्थ नाही. गेल्या फेब्रुवारीत, बदाम फुललेले असताना, मी आठ दिवस या भागात सायकल चालवली. सगळ्यांत आवडलेली फेरी पेगो या गावातून सुरू होऊन पेगोलाच संपते. अंतर पन्नास-साठ किलोमीटर, म्हणजे सरावलेल्या माणसाला अर्धा दिवस आणि माझ्यासारख्याला पूर्ण दिवस. पेगो समुद्रापासून फार लांब नाही. पण गाव सोडलं की लगेच सुमारे आठ किलोमीटरचा घाट लागतो आणि तुम्ही पाचशे मीटरच्या वर पोहोचता. मागे वळून पाहिलं तर खाली भातखाचरं, संत्र्यांच्या बागा आणि त्यापलीकडे समुद्र. खिंड ओलांडली की समुद्र नाहीसा होतो आणि वाल दे एबो हे छोटं गाव येतं. वाल म्हणजे खोरं. पुढे आल्काला, मग मार्गारिदा, आणि तिथून परतीचा रस्ता वाल दे गालिनेरातून, लांबलचक उताराने, चेरीच्या बागांमधून खाली पेगोपर्यंत.

आता या गालिनेरा खोऱ्यातल्या गावांची नावं नुसती मोठ्याने वाचून बघा. बेनिर्रामा, बेनिआली, बेनिसिवा, बेनिताया, बेनिसिली. माझ्या वाचकांना हे ‘बेनी’ काय आहे ते सांगायला नको. बनू, बनी. अमुक तमुकची लेकरं, अमुकचं घराणं. बनी हाशिम म्हणतो तसंच. डोंगर उतरून समुद्राकडे गेलात तरी तेच, बेनिसा आणि बेनिआर्बेग. त्या खोऱ्यांतलं तेल काढायचा घाणा म्हणजे आल्मासेरा, तो अरबी मासराच. पाट म्हणजे सेकिया, साकिया. एका घराण्याने एका झऱ्याच्या पाण्यावर वसवलेली वाडी, वाडीच्या वर डोंगराला कापून केलेली पायऱ्यांची शेतं, आणि पायरी पायरीला माती धरून ठेवणारा कोरड्या दगडांचा गडगा. चुना नाही, सिमेंट नाही. कोकणातल्या माणसाला हा गडगा लगेच ओळखू येतो. दगडावर दगड बसवायची ही कला २०१८ साली युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली, स्पेनसह आठ देशांच्या नावावर. यादीत कला गेली. ती करणारे कुठे गेले, हा प्रश्न यादीत नसतो.

ते कुठे गेले हे मात्र नीट नोंदलेलं आहे. हा मुलूख १२४० च्या दशकात आरागॉनच्या राजाने जिंकला. डोंगरातला शेतकरी मात्र मुसलमानच राहिला, जमीनदार बदलला इतकंच. अल-अझरक नावाच्या इथल्या सरदाराने बरीच वर्षं झुंज दिली आणि १२७६ मध्ये आल्कोई गावाच्या वेशीवर तो मारला गेला. आल्कोईत आजही दर एप्रिलमध्ये ‘मूर आणि ख्रिश्चन’ अशी मोठी जत्रा भरते, ती त्याचीच आठवण. (जत्रेत मूरांच्या बाजूने उभं राहायला लोकांची चढाओढ असते, कारण त्यांचे कपडे जास्त झगमगीत.) पुढे १५२० च्या दशकात सक्तीने बाप्तिस्मा झाला. आता ते कागदोपत्री ख्रिश्चन होते आणि त्यांना मोरिस्को म्हणत. आणखी तीन पिढ्या गेल्या. मग २२ सप्टेंबर १६०९ रोजी व्हॅलेन्सियात राजा तिसऱ्या फेलिपेचं फर्मान वाचून दाखवण्यात आलं. मोरिस्कोंनी देश सोडायचा. अंगावर उचलून नेता येईल तेवढंच न्यायचं. एकट्या व्हॅलेन्सियाच्या राज्यातून लाखाहून जास्त माणसं गेली, म्हणजे तिथली जवळजवळ एक तृतीयांश वस्ती. संपूर्ण स्पेनमधून सुमारे तीन लाख.

एक गोष्ट मला या फर्मानातली नेहमी खटकते. त्यात एक कलम होतं की शंभरातली सहा कुटुंबं मागे ठेवता येतील. कशासाठी? घरं, साखरेचे घाणे, भातशेती आणि पाट सांभाळायला, आणि नव्याने येणाऱ्यांना ते शिकवायला. म्हणजे हाकलणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं की हा डोंगर कोणाच्या हातांनी उभा आहे. सहा टक्के कारागिरी हवी होती, माणसं नको होती. फारच थोडे थांबले.

बोटी देनियाच्या बंदरातून सुटल्या. देनियाचा मार्केस, म्हणजे इथला जहागीरदार, हा राजाचा सर्वांत लाडका मंत्री होता. इतिहास त्याला ड्यूक ऑफ लेर्मा म्हणून ओळखतो, आणि हकालपट्टीमागचा मुख्य माणूस तोच. आज देनियाच्या किल्ल्याखाली सायकली लावून लोक कॉफी पितात. मीही प्यायलो. जवळच वाल दे लाग्वार नावाचं खोरं आहे. हजारो मोरिस्को बोटीत बसण्याऐवजी तिथल्या काव्हाल वेर्द डोंगरावर चढून बसले. काव्हाल वेर्द म्हणजे हिरवा घोडा. दंतकथा अशी की हिरव्या घोड्यावरून कुणी वीर येईल आणि त्यांना सोडवील. नोव्हेंबर १६०९ मध्ये सैन्य आलं. त्या डोंगराखाली आज तीन छोटी गावं आहेत आणि तिथला चढ सायकलवाल्यांच्या यादीत ‘छोटा पण छान’ म्हणून नोंदलेला असतो.

आल्कालाजवळ रस्त्याला लागूनच आत्सुविएता नावाची वाडी आहे. छप्परं गेलेली, भिंती उभ्या, चूल कुठे असावी हे कळतं. हकालपट्टीनंतर ओस पडलेली. थांबायला दहा मिनिटं पुरतात. मी तिथे होतो तेवढ्या वेळात सायकलस्वारांचे दोन गट पुढे गेले, उतारावर वेग धरून. त्यांना दोष देत नाही. त्यांच्या हँडलवरच्या पडद्यावर त्या जागी काहीच लिहिलेलं नव्हतं. चढ सुरू कुठे होतो, संपतो कुठे, किती टक्के, हे सगळं होतं.

इथे एक आक्षेप येणार हे मला माहीत आहे, कारण ग्रुपवर तो आलेलाच आहे. चारशे वर्षांपूर्वीची गोष्ट उकरून काय मिळणार? आणि तुम्ही मुसलमान आहात म्हणून तुम्हाला ती दिसते.

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो. मुसलमान म्हणून मला उलट ती दिसायला नको होती. आमच्याकडे अंदलुस म्हटलं की अल-हमरा आणि कुर्तुबाची मशीद. राजवाडे, कमानी, कारंजी, गेलेल्या सल्तनतीचा शोक. शेर वाचायचे, उसासे टाकायचे. त्या शोकात या डोंगरातला शेतकरी कुठेच नाही. सल्तनत १४९२ ला संपली आणि आमची गोष्टही तिथेच संपते. त्यानंतर एकशे सतरा वर्षं जो माणूस बदामाला पाणी देत राहिला, नाव बदलून, भाषा लपवून, पण गडगा दरवर्षी पावसाळ्यानंतर दुरुस्त करत, त्याच्यासाठी आमच्याकडे एक ओळ नाही. कारण तो राजा नव्हता. आपल्या कौमचं हे जुनं दुखणं आहे. तख्त गेलं की रडतो आणि शेत गेलं तर विचारत नाही. अल-हमरा बघून यायला माझी ना नाही. पण तिथून परत आलेल्या माणसाला वाटत असेल की आपण अंदलुस पाहिलं, तर त्याने ते पाहिलेलं नाही.

आता पहिला भाग, चारशे वर्षांचा. गोष्ट चारशे वर्षांपूर्वी थांबली असती तर मीही गप्प बसलो असतो. ती थांबली नाही. रिकाम्या खोऱ्यांत जमीनदारांनी मायोर्का बेटावरून शेतकरी आणून वसवले. तार्बेना नावाच्या गावात लोक आजही मायोर्काच्या ढंगाची बोली बोलतात आणि तिकडचंच सॉसेज बनवतात. हे नवे लोक काही दरोडेखोर नव्हते, भुकेले शेतकरी होते. त्यांनी गावांची अरबी नावं तशीच ठेवली, पाट वापरले, गडगे वाढवले. पुढे इथल्या मनुकांना इंग्लंडमध्ये मोठी मागणी आली. त्या वाळवायला बांधलेल्या कमानींच्या पडव्या, रिउराऊ, आजही रस्त्याकडेला दिसतात. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला द्राक्षवेलीवर कीड आली आणि मनुकांचा धंदा बसला. त्या काळात, आणि त्याआधीपासूनही, या भागातली माणसं पोटासाठी बोटीने कुठे जात होती? अल्जेरियात, ओरानला. मोरिस्कोंना ज्या किनाऱ्यावर उतरवलं होतं त्याच किनाऱ्यावर. आणि उरलेसुरले १९६० नंतर डोंगर उतरून बेनिदोर्मच्या हॉटेलांत आणि बांधकामांवर गेले. बेनिदोर्म तोवर मासेमारीचं गाव होतं. १९५६ च्या नगररचना आराखड्यानंतर तिथे इमारती वर वर जात राहिल्या. वाल दे एबोत आज दोन-अडीचशे माणसं असतील.

रिकाम्या खोऱ्याचं काय होतं? गडगा पडतो. एक दगड निसटला की पावसाळ्यात पायरी खचते, मग खालची, मग तिच्या खालची. बदाम-ऑलिव्हच्या जागी झुडपं आणि पाइन माजतात. बकऱ्या नसतात, त्यामुळे सुकलेलं गवत तसंच राहतं. १३ ऑगस्ट २०२२ ला वाल दे एबोजवळ वीज पडली आणि वणवा लागला. सुमारे १२ हजार हेक्टर जळालं. कसलेलं शेत आग अडवतं, सोडून दिलेलं शेत तिला वाट करून देतं, हे तिथला कुणीही म्हातारा सांगेल. माझ्या फेरीच्या बऱ्याच भागात दोन्ही बाजूंना काळे खुंट होते आणि त्यांच्या खाली, झुडपं जळून गेल्यामुळे, शेकडो पायऱ्या पुन्हा उघड्या पडलेल्या. पार माथ्यापर्यंत. इतक्या वरपर्यंत कुणीतरी माती वाहून नेली होती.

ज्याला सहलवाले अस्पर्श निसर्ग म्हणतात तो हा. त्या डोंगराचा हातभर तुकडाही अस्पर्श नाही. तो सोडून दिलेला आहे. ‘अस्पर्श’ म्हटलं की आधी कुणी नव्हतं असं होतं, आणि मग जाण्याची गोष्ट सांगायची गरजच उरत नाही. हाच माझा राग आहे. शब्द चुकीचा असता तर दुरुस्त करून सोडून दिलं असतं. हा शब्द सोयीचा आहे.

आता दुसरी शांतता, गाड्यांची. ती मला हवी आहे, आणि ती कशी मिळते हेही याच किनाऱ्यावर बघायला मिळतं. किनाऱ्याला समांतर एन-३३२ हा जुना राष्ट्रीय रस्ता आणि त्याच्या शेजारून एपी-७ हा टोलचा द्रुतगती मार्ग. टोल वाचवायला मालट्रक जुन्या रस्त्याने गावांच्या मधून जायचे. १ जानेवारी २०२० पासून आलिकांतेच्या उत्तरेकडचा टोल रद्द झाला, आणि जुन्या रस्त्यावरचे ट्रक मोठ्या मार्गावर जायची वाट मोकळी झाली. स्पेनच्या कायद्याने मोटारवाल्याला सायकलस्वाराच्या बाजूने जाताना किमान दीड मीटर अंतर ठेवावं लागतं, आणि २०२२ पासून एकाच दिशेला दोन मार्गिका असतील तर पूर्ण मार्गिका बदलावी लागते. दोन सायकली शेजारी-शेजारी चालवायला तिथे परवानगी आहे. घाटात दीड मीटरची पाटी जागोजागी दिसते आणि मोटारवाले ती मानतात. अरुंद वळणावर माझ्या मागे एक गाडी बराच वेळ भोंगा न वाजवता रांगत होती. महाराष्ट्रात सायकल चालवणाऱ्याला हे सांगितलं तर तो आधी हसतो.

बंद पडलेल्या रेल्वेचंही तसंच. गांदियाहून आल्कोईला जाणारी गाडी १९६९ मध्ये बंद झाली. कोळसा वाहायला इंग्रजांनी बांधलेली, म्हणून लोक तिला इंग्रजांची गाडी म्हणत. तिचा नदीकाठचा, बोगद्यांतून जाणारा भाग आज सायकलींसाठी आहे. स्पेनमध्ये १९९३ पासून अशा जुन्या मार्गांच्या ‘हिरव्या वाटा’ करण्याचा सरकारी कार्यक्रमच आहे. डोंगराळ किनाऱ्यावर चढ न चढता आत शिरायला रेल्वेचा उतार हा एकमेव उपाय, कारण इंजिनाला चढ झेपत नाही म्हणून इंजिनियरांनी आधीच डोंगर फोडून ठेवलेला असतो.

हे सगळं निर्णयांनी झालं आहे. टोल, कायदा, पाटी, निधी. गाड्यांची शांतता मागता येते, त्यासाठी भांडता येतं, निवडणुकीत तिच्यावर मत देता येतं. म्हणूनच सायकलवाल्यांनी ‘शांत रस्ता शोधला’ असं म्हणणं मला पटत नाही. तुम्ही शोधला नाहीत, कुणीतरी केला. ज्यांनी चांगला केला त्यांचं नाव घ्या, आणि ज्यांनी माणसं हाकलून तो ओस पाडला त्यांचंही.

आमच्या कोकणात हाच गोंधळ चालू आहे, म्हणून इतकं लांबचं लिहिलं. दाभोळ-धोपावे, दिघी-आगरदांडा अशा फेऱ्यांनी खाड्या ओलांडत किनाऱ्याने सायकल चालवणारे आता वाढले आहेत. तेही परत आल्यावर हेच लिहितात. किती शांत गावं, चिरेबंदी घरं, अंगणात कुणी नाही! अंगणात कुणी नाही कारण घराला कुलूप आहे. माणूस मुंबईला आहे नाहीतर कुवेतला. आमच्या मोहल्ल्यात ईदला जेवढे दिवे लागतात त्याच्या निम्मेही एरवी लागत नाहीत. दुसऱ्या बाजूला सागरी महामार्गाची आखणी चालू आहे आणि तो झाला की जी शांतता खरोखर राखायला हवी होती, गाड्यांची, तीच आधी जाणार. माणसं नाहीत आणि गाड्या भरपूर, असा किनारा आपण तयार करत आहोत. कोस्ता ब्लांकाच्या पत्रकांचे शब्द उसने आणून आपल्या किनाऱ्याला चिकटवणाऱ्यांनी निदान हे तरी बघावं.

तर मग जाऊ नये का? जरूर जावं. घाट चढावा, फुप्फुसं फुटेपर्यंत चढावा. मी परत जाणार आहे. पण मुक्काम बेनिदोर्मच्या विसाव्या मजल्यावर करून दिवसाची सहल म्हणून ही खोरी बघू नयेत. गालिनेरात, एबोत, लाग्वारमध्ये राहायच्या खोल्या आहेत. तिथे रात्र काढावी. गावातलं एकच दुकान असेल तर पाण्याची बाटली तिथूनच घ्यावी, किनाऱ्यावरून भरून आणू नये. चेरीच्या दिवसांत चेरी, हिवाळ्यात तेल. सायकलवर तेलाचा डबा कसा बांधायचा हे मला आता चांगलं जमतं. एवढ्याने खोरं वसत नाही, हे मान्य. ते वसतं शाळा चालू राहिली तर, बस आली तर, आणि पडलेल्या पायरीचा दगड परत बसवायला कुणाला मजुरी मिळाली तर. या तिन्ही गोष्टी आवाज करतात. दुपारी अकराला मधल्या सुट्टीचा गलका, वळणावर बसचा भोंगा, दगडावर हातोडा. हा आवाज ज्याला सहलीत नको आहे, त्याला नेमकं काय हवं आहे, हे त्याने एकदा स्वतःला विचारावं.

आणि ग्रुपवर जे मित्र मार्गाचे नकाशे बनवून टाकतात, त्यांच्यासाठी एक काम. पेगोची फेरी टाकाल तेव्हा चढाच्या टक्केवारीसोबत आल्कालाजवळ एक खूण करा. नाव आत्सुविएता. खाली लिहा, इथे १६०९ पर्यंत लोक राहत होते, थांबा. उतार तिथून पुढेही आहेच.